कारखान्याचा आवाज, घराची खिडकी आणि बारावीनंतरची शाखा

नागपुरात हिंगणा मार्गालगत राहणारे एक पालक लिहितात की, त्यांच्या घरामागच्या प्लॉटवर गेल्या वर्षी फॅब्रिकेशनची शेड उभी राहिली. बारावी विज्ञान शाखेत शिकणारी त्यांची मुलगी रात्री गॅलरीत उभी राहून मोबाइलवरील अॅपने आवाज मोजते आणि आकडे वहीत लिहून ठेवते. कारखान्यांचा आवाज वस्तीपर्यंत पोहोचू नये, असे काही काम तिला करायचे आहे. "आवाजाचा अभ्यास करून पोट भरते का, आणि भरत असेल तर आर्किटेक्चर घ्यावे की इंजिनिअरिंग?" असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

पोटाचा प्रश्न आधी घेतो. फक्त ध्वनिशास्त्राच्या बळावर नोकरी शोधावी, असे मी सुचवणार नाही, कारण तशा जागा मोजक्या निघतात. मात्र नगररचना, वास्तुशास्त्र (म्हणजे आर्किटेक्चर) किंवा पर्यावरण अभियांत्रिकी यांपैकी एका विषयात पक्की बैठक असेल आणि तिच्या जोडीला आवाजाचे ज्ञान असेल, तर काम मिळते. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीसाठी जे अहवाल द्यावे लागतात, त्यांत आवाजाचे मोजमाप असतेच. सुरुवातीचा पगार बेताचा असेल, एवढे गृहीत धरावे.

शाखा निवडण्यापूर्वी हा प्रश्न नेमका कुठे सुटतो, हे आपण दोघांनीही पाहावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी क्षेत्रासाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तर औद्योगिक क्षेत्रासाठी ७० डेसिबलची. शहराच्या विकास आराखड्यात ही दोन क्षेत्रे एका रेषेने वेगळी होतात. २५ डेसिबलचा फरक मात्र रेषेने पडत नाही. मोकळ्या जागेत एका यंत्राचा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे १० मीटरवर ७० असलेला आवाज ४६ वर यायला १६० मीटर जावे लागते. शहरात एवढी जागा रिकामी कोण सोडणार? म्हणून जाणता नगररचनाकार मध्ये गोदामे, वाहनतळ, दुकानांची ओळ अशी बांधकामे आणतो, ज्यांना स्वतःला रात्रीच्या शांततेची गरज नसते आणि जी मागच्या घरांना आडोसा देतात. झाडांची एक रांग लावली की भागते, ही समजूत मात्र सोडावी. तिने शेड दिसेनाशी होते, ऐकू यायची काही थांबत नाही.

आराखड्यात हे साधले नाही, तर उरलेले काम इमारतीवर येते, आणि नागपुरात ते विशेष अवघड आहे. नऊ इंची विटांची भिंत आवाज उत्तम अडवते, पण त्या भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी संपूर्ण भिंतीची रोधकता २० डेसिबलच्या आसपास येऊन थांबते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे खिडकीत कूलर बसतो आणि दमट हवा बाहेर जावी म्हणून समोरची खिडकीही उघडी ठेवावी लागते. "दुहेरी काच लावा" हा पुस्तकी सल्ला मग काय कामाचा? इथला वास्तुविशारद जिना, न्हाणीघर आणि कोठीची खोली शेडच्या बाजूला घेईल, निजायची खोली व कूलर विरुद्ध बाजूला नेईल, आणि शेड त्याच्याच हाती असेल तर तिची उघडी बाजू आणि कॉम्प्रेसर वस्तीकडे पाठ करून बसवेल. हे सारे कागदावर फुकट होते. बांधून झाल्यावर त्यालाच मोठा खर्च येतो.

आता आपल्या मुलीची वही पाहा. आकड्यांसोबत तिने गल्लीचा नकाशा काढला असेल, तर तिचा कल नियोजनाकडे आहे. खोल्या आणि खिडक्या काढल्या असतील, तर वास्तुशास्त्राकडे. आणि कोणते यंत्र कधी सुरू झाले हे लिहिले असेल, तर अभियांत्रिकीकडे. बी.आर्क. पाच वर्षांचे आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या व्हीएनआयटीत, त्यासाठी जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. राज्यातील इतर महाविद्यालयांसाठी नाटा ही वास्तुशास्त्राची प्रवेश परीक्षा आहे. बी.प्लॅनिंग चार वर्षांचे असून त्यासाठी जेईई मेनमध्येच वेगळा पेपर असतो, आणि त्या अभ्यासक्रमासाठी भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आपल्याला जवळची पडते. स्थापत्य अभियांत्रिकी करूनही पुढे पर्यावरण किंवा नगर नियोजनात एम.टेक. करता येते, १९५८ पासून नागपुरात असलेल्या नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेचा रस्ता बहुधा तिथूनच जातो. माझा स्वतःचा कौल वास्तुशास्त्राकडे आहे, कारण ते केलेल्याला पुढे नियोजनात जाता येते. उलट प्रवास मात्र नव्याने पाच वर्षे मागतो. तिला चित्रकलेचा मनापासून कंटाळा असेल, तर माझा कौल बाजूला ठेवावा.

मोबाइलच्या आकड्यांवर तक्रार टिकणार नाही, कारण ते यंत्र प्रमाणित नसते. तुलनेसाठी मात्र ते पुरेसे आहे. अर्ज भरण्यापूर्वी तिने एका रात्री एकापाठोपाठ तीन नोंदी घ्याव्यात: गच्चीवर, मागच्या खोलीत खिडकी बंद ठेवून, आणि तीच खिडकी चार बोटे उघडून. तिन्ही आकडे घराच्या कच्च्या नकाशावर लिहून तो कागद घेऊन आपण दोघे भेटायला या. मोजताना कूलर बंद ठेवावा, नाहीतर तो शेडचा आवाज गिळून टाकेल.