लोकांना वाचवायला गेला, मग आमचं काय?

"अग्निशामकाची बायको म्हणून मला अभिमान वाटायला हवा ना, ताई? मला तर त्याचा नुसता राग येतो." अग्निशमन दल, पोलीस, रुग्णालय अशा नोकऱ्या असलेल्या घरांतून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येतो. विचारताना आवाज हमखास खाली जातो.

असं विचारणाऱ्या या बाईचं कुटुंब अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती मराठी, नवरा तिथलाच, मुलगा आठ वर्षांचा. 28 सप्टेंबर 2022 ला इयन हे चक्रीवादळ कायो कोस्टा बेटावर धडकलं, तेव्हा वारा ताशी 150 मैलांचा होता. घरं मात्र जास्त करून समुद्राच्या पाण्यानं नेली. अंदाज बराच काळ उत्तरेकडच्या टॅम्पा शहराच्या बाजूचा होता. त्या भागातल्या ली काउंटी या जिल्ह्यात घर सोडण्याचे आदेश निघाले ते 27 तारखेच्या सकाळी. बरेच जण घरीच थांबले, हीसुद्धा थांबली. नवरा ड्युटीवर होता. मायलेकांनी ती रात्र शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढली.

ती माझ्याकडे आली तेव्हा वादळाला पाच महिने होऊन गेले होते. नवरा चोवीस तास ड्युटी करायचा आणि पुढचे अठ्ठेचाळीस तास घराच्या भिंती उकरायचा. कमरेइतकं पाणी भरून गेलेल्या घरात ड्रायवॉल, म्हणजे भिंतींवरचे जिप्समचे तक्ते, काढून टाकावेच लागतात, नाहीतर बुरशी धरते. पण तो जेवायलाही खाली बसत नव्हता. ड्युटीच्या सकाळी मुलाचं पोट दुखायचं. एकदा तर त्यानं बाबाचे बूट लपवून ठेवले.

पुढच्या वेळी नवराही आला, हाताची घडी घालून बसला. अशा माणसाला मी "तुम्हाला काय वाटलं?" असं विचारत नाही. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं ओकायला लावण्याचा उपयोग होत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार, म्हणजे बोलायची जबरदस्ती न करता धीर आणि गरजेची मदत देणं, सुचवते. महिने उलटल्यावरही घाई नकोच. मी त्याला फक्त विचारलं, वारा सर्वांत जोरात होता तेव्हा तुम्ही कुठे होता?

"स्टेशनात."

वाऱ्याचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की बंब बाहेर काढत नाहीत. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा ताशी 40 ते 50 मैलांच्या आसपास असते, कारण उंच गाडी उलटू शकते. त्या तासांत रेडिओवर पत्ते येत राहतात आणि आतली माणसं ते ऐकत बसतात. त्यातला एक पत्ता त्याच्या घराच्या मागच्या गल्लीतला होता.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या मनात पाच महिने एकच चित्र होतं: आपल्या घरात पाणी शिरत होतं तेव्हा हा दुसऱ्या कुणाच्या लेकराला खांद्यावर घेऊन निघाला होता. प्रत्यक्षात तो कुणाकडेच जाऊ शकत नव्हता. तिचा राग गेला असं नाही. "हे मला इतके दिवस का नाही सांगितलंस?" असा तो नव्यानं उफाळला. मला ते बरं वाटलं, कारण या रागावर दोघांना बोलता येत होतं. आधीच्या रागापुढे तो बिचारा आरोपी आणि ती स्वार्थी, एवढंच उरत होतं.

मुलाला त्यानं स्टेशनवर नेलं आणि गाड्या थांबवण्याचा नियम समजावून सांगितला. "म्हणजे तू दुसऱ्या कुणाकडे पण नाही गेलास?" मुलानं विचारलं. पोटदुखी कमी झाली, पण हळूहळू.

नवऱ्याची झोप तरीही परतली नाही, रात्रीची बिअर वाढत गेली. महिन्याहून जास्त काळ दुःस्वप्नं, दचकणं आणि त्या आठवणींची टाळाटाळ चालू राहिली, तर आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जायला हवं. मी तसं पाठवलं. नोंद झाली तर नोकरीत नाव खराब होईल ही त्याची भीती. फ्लोरिडात 2018 च्या कायद्यानं, ठरावीक भीषण प्रसंगांनंतर झालेल्या पीटीएसडीसाठी (आघातानंतरच्या मानसिक आजारासाठी) शारीरिक इजा नसतानाही अग्निशामकाला भरपाई मिळू शकते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

घराचा वाद वेगळा होता आणि तो समुपदेशनानं सुटणारा नव्हता. साध्या गृहविम्यात पुराचं पाणी येत नाही, पूरविम्याला मर्यादा असते, आणि पूरक्षेत्रात दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की घर नव्या नियमांप्रमाणे, म्हणजे बहुधा उंच करून बांधावं लागतं. त्याला बांधायचं होतं, तिला जागाच सोडायची होती. मी एवढंच सुचवलं की हा विषय आठवड्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी काढा, रोज रात्री अंथरुणात नको. शेवटी त्यांनी बांधलं.

1 जूनला चक्रीवादळांचा नवा मोसम सुरू होण्याआधी आम्ही एक कागद केला. आदेश निघाला की मायलेकांनी निघायचं, बाबाच्या होकाराची वाट बघायची नाही. वारा वाढण्याआधी त्याचा एक निरोप, ओसरल्यावर दुसरा. मधल्या वेळात फोन येणार नाही, हे मुलालाही माहीत असायचं.

9 ऑक्टोबर 2024 ला मिल्टन हे चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर सिएस्टा की बेटाजवळ धडकलं, तेव्हा मायलेक आदल्या दिवशीच आतल्या भागात गेली होती. नंतर तिनं मला कळवलं, "राग आलाच होता ताई, पण तो त्याला सांगूनच निघाले."