एकटीला कसला आलाय खर्च?

प्रश्न: ताई, मी 39 वर्षांची, लग्न केलेलं नाही. चिंचवडला भाड्याने राहते, आई सोबत असते, ती 71 ची. हातात 58 हजार येतात, त्यातले 17 भाड्याला, मग किराणा, औषधं, लाइट बिल सगळं मीच बघते. तरी घरात कुणालाही पैसे लागले की पहिला फोन मला, "तुला काय, एकटीच तर आहेस." भावाला दिलेले दीड लाख अजून आले नाहीत. आता वाटतंय 40 लाखांचं लोन काढून वन बीएचके घ्यावा, भाडं तरी वाचेल. घेऊ का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: अगं, एकटीचं स्वस्तात भागतं हा शोध कुणी लावला देव जाणे. भाडं, वायफाय, फ्रिजचं बिल माणसं मोजून येत नाही, दोन पगार असले की ते वाटलं जातं एवढंच, तुझ्याकडे वाटायला कुणी नाही.

आता लोनचं. 40 लाख, 20 वर्षं, व्याज साडेआठ टक्के धरलं तर हप्ता 34-35 हजार होतो. उरले 23, त्यात मेंटेनन्स, आईची औषधं, खाणंपिणं आणि उद्या नोकरी गेली तर काय? नवराबायकोत एकाची गेली तर दुसऱ्याच्या पगारावर कसंबसं ओढतात, तुझा दुसरा पगार म्हणजे बँकेतली शिल्लक, ती निदान 9-10 महिन्यांच्या खर्चाएवढी हवीच. म्हणून आत्ता 40 नको. वर्षभर असं कर, हप्ता आणि भाडं यातला फरक, म्हणजे 17 हजार, पगार झाला की लगेच आरडीत टाक. दोन लाखांच्या वर जमतील आणि हप्ता झेपतो का तेही कळेल. चौथ्या महिन्यातच धाप लागली तर 25 लाखांपर्यंतच बघ, त्याचा हप्ता 22 हजारांच्या आत बसतो. आणि घर फक्त तुझ्या नावावर घे, महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, भावाचं नाव जोडलंस की ती गेली.

आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड, काढलंस का? सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार होतात, फक्त हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का ते आधी बघून ठेव. तुझी मेडिक्लेम मात्र कंपनीच्या भरवशावर ठेवू नकोस, नोकरी सुटली की तीही सुटते. स्वतःची घे, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही.

आणि मृत्युपत्र कर. हसू नकोस, चाळिशीतच करायचं असतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसलं तर हिंदू वारसा कायद्याने अविवाहित बाईची स्वतःची कमाई आईवडिलांकडे जाते, ते नसले तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे फिरून त्याच दीड लाखवाल्या भावाकडे! साधा कागद आणि दोन साक्षीदार, रजिस्टर करायची सक्ती नाही.

त्याचा पुन्हा फोन आला तर सांग, पैसे आरडीत अडकलेत. खोटंही नाही ते.