75 हजारांचा माल आणि 75 माणसं

ताई, तुमच्या पत्रातले आकडे आधी एका जागी मांडतो. वरुड तालुक्यात तुमचं योग आणि निसर्गोपचाराचं केंद्र आहे. वर्गाला 45 जण येतात, फी महिना 500. मालिश, शेक, मातीपट्टीसाठी आणखी 30 जण, त्यांचे सरासरी 500. एकूण जमा 37,500. भाडं 5,000, मदतनीस बाईंचे 6,000, तेल-वीज-किरकोळ 3,500 आणि घरखर्च 15,000 गेला की हाती उरतात 8,000. बँकेत 1,20,000 ची एफडी आहे. नागपूरचा एक विक्रेता केंद्राच्या दर्शनी भागात ‘गिफ्ट कॉर्नर’ मांडून द्यायला तयार आहे: सुगंधी मेणबत्त्या, साबण, तांब्याच्या बाटल्या, बुद्धमूर्ती, स्फटिकाची ब्रेसलेट. माल 75,000 चा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मार्जिन 50 टक्के, आणि महिन्याला 15,000 सहज सुटतील. त्यासाठी एफडी मोडावी का, हा तुमचा प्रश्न.

मोडू नका. दुकान मात्र करा, पण एवढं लहान की बुडालं तरी घरात कुणाला कळणार नाही.

त्या 50 टक्क्यांपासून सुरुवात करू. 100 ला घेतलेली वस्तू 150 ला विकली, तर खरेदीवर नफा 50 टक्के, पण विक्रीवर 33 टक्केच. 15,000 सुटायला महिन्याला 45,000 ची विक्री लागेल. तुमच्या दारातून महिन्याला 75 माणसं जातात. म्हणजे प्रत्येकाने दर महिन्याला 600 रुपयांच्या भेटवस्तू घ्यायच्या, फीपेक्षा जास्त, आणि तेही वर्षभर. रस्त्यावरच्या दुकानात रोज नवं गिऱ्हाईक येतं, तुमच्याकडे तीच माणसं परत परत येतात. एकाच बाईला तांब्याच्या किती बाटल्या विकणार?

आता जमेल असा हिशेब. पाचातल्या एकाने महिन्यात 150 रुपयांचं काही घेतलं, तर 15 गिऱ्हाइकं आणि 2,250 ची विक्री. फुटतूट, सूट आणि माल आणण्याचा खर्च धरून विक्रीवर 30 टक्के सुटले तर नफा 675. विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत 1,575. या वेगाने 75,000 चा माल संपायला जवळजवळ चार वर्षं लागतील. एफडीवर सात टक्के व्याज धरलं तर तेवढ्या रकमेवर महिन्याला सुमारे 437 रुपये तुम्हाला बसल्याजागी मिळतायत, मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळाच. वरकमाई राहिली महिन्याला 240 रुपयांच्या आसपास, तीही माल चार वर्षं टिकला तर.

तो टिकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि दुपारी केंद्र बंद असतं. मेणबत्त्या कपाटातच वाकतात, बाम पातळ होऊन झाकणाबाहेर येतो, साबणाचा वास उडतो. मग पावसाळ्यात धूप-अगरबत्ती ओल धरते आणि बांबूच्या वस्तूंना भुंगेरा लागून खाली पिठासारखा भुसा पडतो. थंडीत मध गोठतो. तो शुद्ध मधही गोठतो, पण गिऱ्हाईक साखर घातली म्हणून परत आणतं. स्फटिकाच्या ब्रेसलेटला ऊन लागत नाही, पण ते विकताना तोंडून काय निघतं ते जपा. 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात अशा दुखण्यांवर ‘याने बरं होतं’ अशी जाहिरात करायला मनाई आहे. ताईत, कडं, मणी हेही त्यात येतात. दारावरची पाटी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो हीसुद्धा जाहिरातच.

एफडीचं दुसरंही काम आहे. केंद्र आणि घर मिळून महिन्याचा खर्च 29,500. आजची एफडी म्हणजे चार महिन्यांचा श्वास. 75,000 काढले तर उरतो दीड महिना. पेरणीच्या दिवसांत, जून-जुलैत, गावाचा पैसा बियाण्या-खतात जातो आणि वर्गाची हजेरी आधी तुटते. बहुतेक केंद्रांना त्याच दोन महिन्यांत हात आखडावा लागतो, आणि मेणबत्त्या देऊन भाडं भरता येत नाही.

दुकान करायचंच तर एफडीला हात न लावता, एका महिन्याच्या शिलकीतून, 6,000 च्या आत करा. तुम्ही जे शिकवता त्यालाच लागणाऱ्या वस्तू ठेवा. जलनेतीची, म्हणजे पाण्याने नाक धुण्याची, प्लास्टिकची भांडी 10 (600 रुपये), मॅट 6 (2,100), गरम पाण्याच्या रबरी पिशव्या 6 (1,080), हळदीची 100 ग्रॅमची पाकिटं 20 (900). शवासनात डोळ्यांवर ठेवायच्या जवस भरलेल्या सुती पिशव्या गावातल्याच शिंप्याकडून 20 शिवून घ्या, एक साठ रुपयांत बसते. एकूण 5,880. भाव तुमच्या बाजारात थोडे मागेपुढे होतील. जवसाच्या पिशवीला वरून काढता येणारी खोळ हवी, कारण घाम लागतो आणि आतलं धान्य धुता येत नाही. एका उन्हाळ्यानंतर जवस खवट होतो, म्हणून थोड्याच शिवा. जलनेतीच्या भांड्यासोबत उकळून कोमट केलेलंच पाणी वापरायचं, ही सूचना लिहून द्या. तांब्याची बाटली कुणी मागितलीच तर मागवून द्या आणि लिंबूपाणी त्यात ठेवू नका हे सांगा. आंबट पदार्थात तांबं उतरतं.

हळद वर्ध्याच्या वायगावची घेतली तर तिला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे आणि भेट म्हणून तिचं नाव घेता येतं. पण बंद पाकीटच घ्या. पाच किलोची थैली आणून घरी पुड्या बांधल्या की तुम्ही पॅकर ठरता, मग नोंदणी आणि पाकिटावर नाव-पत्ता, वजन, पॅकिंगचा महिना, एमआरपी सगळं आलं. हळद-मध विकायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, लहान विक्रेत्याला तिची फी नाममात्र असते. बचत गटाचा साबण कितीही चांगला असला तरी वेष्टनावर उत्पादन परवान्याचा क्रमांक नसेल तर ठेवू नका. गटांशी बोलणी ‘विकलं की पैसे, उरलं की परत’ याच बोलीवर करा.

जीएसटीची आज चिंता नाही. एक गैरसमज तेवढा काढून टाका: नोंदणीसाठी वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला आहे. सेवा आणि माल दोन्ही असले की दोन्ही मिळून 20 लाख. तुमची वर्षाची जमा साडेचार लाख. मात्र सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याला माल पाठवायचा नाही, दुसऱ्या राज्यात विक्री झाली की रक्कम कितीही असो, नोंदणीचा प्रश्न येतो.

भेटवस्तूंचा खरा हंगाम तुमच्या विक्रेत्याला ठाऊक दिसत नाही. तो संक्रांतीचा. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला प्रत्येक घरी वाण लागतं, आणि तेव्हा एक बाई एकाच वस्तूचे 25-30 नग घेते. तुमच्या वर्गातल्या 10 जणींनी 40 रुपयांचे 30-30 नग घेतले तर विक्री 12,000. नग 28 ला पडला तर 3,600 सुटतात. वरच्या महिना 675 च्या हिशेबाने पाच महिन्यांच्या नफ्यापेक्षा जास्त. नोव्हेंबरात दोन-तीन नमुने दाखवा, निम्मा बयाणा घ्या, मगच माल मागवा, 10 जानेवारीपर्यंत हाती द्या. यात तुमचं भांडवल फारसं अडकत नाही आणि उरलेला माल नावाचा प्रकारच नाही. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी बैलांचंही असंच करता येईल, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांच्यापुरतं.

विकायची जागाही ठरवून घ्या. मालिशच्या खोलीत एकही वस्तू नको. टेबलावर पडलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं; तो त्या दिवशी घेईल आणि पुढच्या महिन्यात येणार नाही. एक सभासद गेला की वर्षाचे 6,000 गेले, तेवढे भरून काढायला 20,000 ची विक्री लागते. वस्तूवर किंमत चिकटवा आणि स्वतःहून विषय काढू नका. उधारी नको: 150 ची एक वस्तू बुडाली तर खरेदीचे 105 बुडाले, ते भरायला आणखी तीन विकाव्या लागतात. विक्रीचे पैसे वेगळ्या खात्यात, वेगळ्या क्यूआरवर घ्या. 90 दिवसांत न हललेली वस्तू खरेदीच्या भावात काढा आणि पुन्हा मागवू नका.

आणि वरकमाईच हवी असेल तर आधी फीकडे बघा. 45 जणांची फी 50 रुपयांनी वाढवली तर महिन्याला 2,250 येतात, ज्यासाठी दुकानात 7,500 चा माल विकावा लागेल. दोघं-तिघं गळाले तरी तुम्ही पुढेच. वाढ दिवाळीनंतर करा, सोयाबीन-कापसाचा आणि संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा घरात आलेला असतो. जूनमध्ये करू नका.

एफडीची मुदत संपेल तेव्हा ती एकरकमी न ठेवता 40,000 च्या तीन करा. उद्या खरंच गरज पडली तर एकच मोडावी लागेल, बाकी दोघींचं व्याज चालू राहील.