तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, मग तिला आदिकेंद्रकी (जीवाणूंसारखी) का म्हणत नाहीत?

एखाद्या पेशीत आज केंद्रक दिसते की नाही, एवढ्यावरून तिचा प्रकार ठरत नाही. माणसाची तांबडी रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होत असताना तिच्यात केंद्रक असतेच. परिपक्व होताना ती ते बाहेर टाकते आणि तंतुकणिकाही (पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके) गमावते. म्हणून ती दृश्यकेंद्रकीच, म्हणजे पटलाने वेढलेले केंद्रक असणाऱ्या सजीवांची पेशी ठरते.

जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच एकपेशीय, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) या आदिकेंद्रकी सजीवांत केंद्रकपटल मुळातच नसते. त्यांचा डीएनए, बहुधा एकाच वर्तुळाकार रेणूच्या रूपात, पेशीद्रव्यात मोकळा असतो; त्यामुळे ई. कोलायसारख्या जीवाणूत जनुकाची आरएनए प्रत पूर्ण होण्याआधीच तिच्या तयार झालेल्या टोकावर रायबोसोम बसतात आणि प्रथिन बनवू लागतात. दृश्यकेंद्रकी पेशीत मात्र ही प्रत केंद्रकात तयार होते, तिथेच तिची काटछाट होते आणि मगच ती पेशीद्रव्यात येते. माझ्या मते महत्त्वाचा फरक हाच आहे. आकाराचा फरक (ढोबळमानाने आदिकेंद्रकी पेशी १ ते ५ मायक्रोमीटर, दृश्यकेंद्रकी १० ते १०० मायक्रोमीटर) दुय्यम आहे, कारण थायोमार्गारिटा हा जीवाणू नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

रायबोसोमही वेगळे असतात: जीवाणूंत ७०एस, तर आपल्या पेशीद्रव्यात ८०एस (एस हे कण द्रवात किती वेगाने खाली बसतो ते सांगणारे एकक). क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूंच्या रायबोसोमवरच मारा करते. गंमत म्हणजे आपल्या तंतुकणिकांचे रायबोसोम जीवाणूंच्या रायबोसोमशी नाते सांगतात, आणि तंतुकणिका मुळात गिळलेले जीवाणू असाव्यात, हा विचार जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये पुराव्यानिशी मांडला.