मीठ कोण वाढणार?

या वेळचं पत्र नेदरलँड्समधून आलंय. माहेर वेंगुर्ल्याकडचं, सासर रत्नागिरीचं. मुलं दोन, थोरला सात वर्षांचा आणि धाकटी चारची. पत्र लांबलचक आहे, त्यातलं कामापुरतं देते.

“मुलांना डे-केअरमधून घेऊन घरी पोचेपर्यंत सहा वाजतात. आल्या आल्या ओट्याशी उभी राहते. घरचं खाणं मुलांच्या तोंडी बसावं म्हणून आपल्याकडचं काही ना काही करतेच. परवा घावणे केले, ओल्या खोबऱ्याची चटणी केली, काळ्या वाटाण्याची उसळ केली. थोरल्याने ताट बघून ‘शी’ केलं आणि ब्रेडवर घालायचा चॉकलेटचा चुरा मागितला. मग मी त्याला नको नको ते ऐकवलं. किती मुलं उपाशी झोपतात, आजीने किती कष्ट काढले, सगळं. तो रडला, त्याचं बघून धाकटी रडली, घावणे गार झाले. नवरा म्हणाला, एवढं करतेस कशाला. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, आमची मुलं पानात पडेल ते खायची. मला कौतुक नकोय, पण अन्नाची आणि राबणाऱ्याची या घरात कुणाला जाणीवच नाही असं वाटतं. ती मुलांना कशी द्यायची?”

आधी घाव‌ण्यांचं बोलू, कारण निम्मं भांडण मला तिथेच दिसतंय. घावन हा तव्यावरून थेट पानात पडायचा पदार्थ. गार झाला की चिवट होतो. म्हणजे घालणारी तव्यापाशी, खाणारे पानावर, आणि ती बसेपर्यंत बाकीचे हात धुऊन मोकळे. आपल्या घरांतून हे खपून गेलं, कारण एक जण घावणे घालायची, दुसरी पाट्यावर चटणी वाटायची आणि पोरांना धरून बसायला आत्या नाहीतर आजी असायची. दोन मोठी माणसं, दोन मुलं आणि दिवसभराची नोकरी एवढ्या भांडवलावर मंगळवारी संध्याकाळी घावणे, चटणी आणि उसळ असा घाट घातलात, तर माणूस चिडणारच. मी असते तर मीही ऐकवलं असतं.

तेव्हा घावणे शनिवारी. आणि तव्यापाशी नवऱ्याने उभं राहायचं. तुमच्या अख्ख्या पत्रात ते एकदाच आलेत, आणि तेही विचारायला की एवढं करतेस कशाला. रत्नागिरीचे आहेत ना, मग जमेल. वाटीभर तांदळाच्या पिठाला दोन-सव्वादोन वाट्या पाणी, चवीला मीठ, पीठ ताकासारखं पातळ. तवा चांगला तापू द्यायचा, कडेकडेने ओतायला सुरुवात करून मध्ये यायचं, आणि डावाने पसरत बसायचं नाही. जाळी पडली की झाकण, मिनिटभराने उलटायचा. पहिला तव्याला चिकटतो, तो घालणाऱ्याने खायचा असतो. बिडाचा तवा नसला तरी नॉनस्टिकवर निघतो. तिथे मिळणाऱ्या पिठाचे तुटत असले तर तांदूळ चार-पाच तास भिजवून मिक्सरला वाटून बघा, फरक पडेल.

आठवड्याच्या मधल्या दिवसांना मात्र एकदाच शिजवून मध्ये ठेवता येईल असंच करा. कुळथाची पिठी आणि भात. लसणीची फोडणी, पाण्यात कालवलेलं पीठ, दोन आमसुलं, वरून खोबरं. भात शिजेपर्यंत पिठी तयार. मऊभात, मेतकूट, तूप. उकड्या तांदळाची पेज आणि बाजूला काहीही. कोकणात शेतातून दमून आलेली माणसं हेच जेवत आली आहेत. पेज केली म्हणजे मुलांना आपलं खाणं कमी दिलं, असं मनात आणू नका.

आता मुलाचं ‘शी’. साधारण दोन ते सहा वर्षांची मुलं अनोळखी अन्नाला बिचकतात, काहींचं हे पुढेही चालतं. हा वयाचा भाग आहे, संस्कारांचा नाही. एखादी नवी चव आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, तेव्हा कुठे मूल ती तोंडात धरतं. ‘समोर यावी’ याचा अर्थ ताटाच्या कडेला चमचाभर, आणि त्यावर चर्चा नाही. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी घरातल्या जेवणाची एक वाटणी सांगितली आहे, ती मला पटते: काय, कधी आणि कुठे जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. म्हणजे ‘शी’ केल्यावर चॉकलेटचा चुरा येणार नाही. पण मधल्या भात, दही, फळ यांतलं काहीतरी एक त्याच्या ओळखीचं असेल, आणि तो तेवढंच जेवला तरी चालेल. काळा वाटाणा त्याच्या तोंडात कोंबायची गरज नाही. (धाकटीसाठी तो नीट मऊ शिजवून बोटाने चेचून द्या. अख्खे काजू, शेंगदाणे पाच वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात.)

आपल्या घरांत जेवणाचे दोन दंडक होते: पानात टाकायचं नाही आणि अन्नाला नावं ठेवायची नाहीत. लहान मुलांपुरता यातला पहिला मी सैल करीन. ताट संपवायची सक्ती केली की पोट भरलं कधी हे मुलाला कळेनासं होतं. त्याऐवजी वाढतानाच कमी वाढा, मागू दे. दुसरा दंडक मात्र तसाच ठेवा. ‘मला नको’ चालेल, ‘शी’ चालणार नाही, आणि हे रागाने नाही, रोजच्या आवाजात सांगायचं. मोठ्यांनाही तोच नियम. ‘आज आमटी जरा पाणचट झालीय’ हे वाक्य जेवताना नवऱ्याच्या तोंडून आलं की मुलाला ‘शी’ची परवानगी मिळालीच.

पण तुमचा खरा प्रश्न जाणिवेचा आहे. उपाशी मुलांच्या गोष्टी सांगून ती येत नाही. सात वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आई रागावली आहे आणि याला मी कारण आहे. आजीच्या कष्टांचंही तेच. दुसऱ्याच्या श्रमाची किंमत त्यात स्वतःचा हात पडल्याशिवाय समजत नाही, आणि मोठ्यांना तरी कुठे समजते? म्हणून माझं म्हणणं असं की मुलाला वाढायला लावा.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या देवळात महाप्रसाद होता. सुट्टीला आलेला एक मुलगा, तुमच्या थोरल्याएवढाच, आईच्या मागे लपून उभा होता. हे जेवणार नाही, ते तिखट आहे, खाली मांडी घालून बसता येत नाही. आमच्याकडे पंगतीत सगळ्यात लहान वाढप्याला मीठ देतात, कारण ते पहिलं वाढायचं असतं आणि सांडलं तरी नुकसान नाही. त्याच्या हातात मिठाचं भांडं दिलं. पहिल्या तीन-चार पत्रावळींवर त्याने मुठीमुठीने ढीग घातले. पंगतीतल्या एक आजी म्हणाल्या, “बाबू, कमीच वाढ. होया तर मागतले.” मग तो चिमटीवर आला. पुढच्या पंगतीला वाकून, पानाच्या वरच्या बाजूला, लिंबाच्या फोडीशेजारी नीट वाढायला लागला. एका आजोबांनी हात पानावर आडवा धरला तर थांबला, आणि मागे वळून आईला विचारलं की असं केलं म्हणजे नको का. तिसऱ्या पंगतीला तो पानांवरून नजर फिरवत चालला होता, कुणाचं संपलंय का बघत. शेवटी वाढप्यांच्या पंगतीत स्वतः बसला. वाटाण्याची उसळ त्याने तेव्हाही खाल्ली नाही, वरणभातच जेवला. पण ‘शी’ म्हणाला नाही, आणि पत्रावळ उचलताना आपली उचलून शेजारच्या आजींचीही घेऊन गेला.

तुमच्या चौघांच्या टेबलावर हीच पंगत लावता येईल. सगळं शिजवून मध्ये आणा, गॅस बंद करा, आणि तुम्ही सर्वांबरोबर बसा. हे महत्त्वाचं आहे. शेवटी जेवणं हा आपल्या आयांचा नाइलाज होता, त्याला पुण्याईचं नाव देऊन पुढे चालवू नका. उभी असलेली आई मुलांना वाढणारं यंत्रच वाटते. धाकटी मीठ, लिंबू, चमचे मांडेल. थोरला भात वाढेल. प्रत्येकाला विचारायचं, किती हवा. उरलेला शेवटचा पापड कुणाला द्यायचा हे त्यालाच ठरवू दे. सांडेल, पुसायला फडकं त्यालाच द्या, आणि वाढणारा चुकला तर हसू नका. जेवणाआधीचा श्लोक म्हणत असाल तर जरूर म्हणा, पण तो संपल्यावर कुणी काय केलं ते एका वाक्यात सांगा: आज तांदूळ तू धुतलेस, खोबरं बाबाने किसलं. कुणी कुणाचे आभार मानायची गरज नाही.

बऱ्याच डच प्राथमिक शाळा बुधवारी दुपारी लवकर सुटतात असं ऐकते. त्या दिवशी तुम्ही घरी असलात तर दोघांना सोलकढीवर बसवा, त्यात आग नाही आणि सुरी नाही. फ्रोझन खोवलेलं खोबरं कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढा, फडक्यातून पिळायचं काम मुलांचं. मग त्या पांढऱ्या रसात थोरला चमच्या-चमच्याने कोकमाचं आगळ घालील. दुसऱ्या-तिसऱ्या चमच्याला रंग गुलाबी होतो, तिथे थांबून चाखायला लावा. आगळात मीठ असतंच, वरून घालायची घाई नको. मुलांपुरती लसूण-मिरची वगळा. उकळी मात्र काढू नका, नारळाचं दूध फाटतं.

सासूबाईंचा प्रश्न वेळ बदलली की निम्मा सुटेल. तुमच्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे रत्नागिरीत उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. दमलेल्या सुनेने डोळे मिटत आलेल्या सासूशी बोलायची ही वेळच नव्हे. शनिवारी सकाळी नऊला फोन लावा. तिकडे साडेबारा-दीड, पानं मांडायची वेळ. तुमचे घावणे, त्यांचा भात, दोन्हीकडे वाढप चालू. मुलाला विचारू दे की आजी, आज काय केलंयस, आणि कुणी खोवलं खोबरं. आणि हो, ‘आमची मुलं सगळं खायची’ हे फारसं मनावर घेऊ नका. ती मुलं शेजारच्या घरी जाऊन गूळपोहे खाऊन यायची, आयांना पत्ता नसे.

गणपतीला गावी येणार असलात तर आधीच कळवा की मुलांना पाहुण्यासारखं पाटावर बसवून ठेवू नका. मोदकाच्या पाऱ्या जमल्या नाहीत तरी सारण भरायला जमतं. हळदीची पानं पुसून पातोळ्यांसाठी लावून ठेवायला तर चार वर्षांचं मूल पुरतं. आणि दारावर नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधायला आश्विनी पौर्णिमेपर्यंत थांबता आलं तर फारच छान, पण शाळा सोडणार नाहीत हे मला माहीत आहे. भाताची लोंबी मुलाने एकदा हातात धरून सोलावी एवढंच; मुंबईच्या मुलांनाही ती माहीत नसते.

पत्राच्या शेवटी विचारलंय, परत जाताना गावाहून काय नेता येईल. आमसुलं, मेतकूट, कुळीथ पीठ, तांदळाचं पीठ नीट पॅक करून न्या. आगळाची बाटली शंभर मिलिलिटरच्या वर असणार, ती केबिन बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगेत दोन पिशव्यांत बांधून, पांढऱ्या कपड्यांपासून दूर. तूप, खवा, पेढे नकोत, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. आंबे, पेरू, चिकू अशा ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त पाच फळांना आहे: केळं, अननस, खजूर, ड्युरियन आणि आपला नारळ. सुकं खोबरं मात्र चेक-इन बॅगेत घालू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात. ओला नारळ न्यायचा असेल तर विमान कंपनीला आधी फोन करा, आणि न्यायचाच तर सोलून, शेंडी ठेवून न्या. तिकडे मुलांना फोडायला तेवढीच मजा.