गाडीत अडकलेली चिमणी

प्रश्न : भाऊ, माझी जुनी डिझेल फोर बाय फोर जीप आहे. केळीच्या मळ्यात रोजची ये-जा, शिवाय पावसाळ्यात पाल गावाकडे जाताना सुकी नदीच्या पात्रातून चार-पाच वेळा काढावी लागली. दिवाळीपासून गाडी हळू चालवली की खालून ‘कुई-कुई’ येतं. ३०च्या पुढे गेलं की ऐकू येत नाही. परवा भरीत पार्टीला पाहुणे घेऊन निघालो, तर मागे बसलेले म्हणाले, “गाडीत चिमणी अडकली का हो?” क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तरी आवाज तसाच. रिव्हर्स टाकला की एकदाच ‘खट्ट’ होतं. मिस्तरीने मागची दोन्ही बेअरिंगं बदलली, फरक शून्य. आता मागच्या ॲक्सलचं हौसिंग, म्हणजे मधला गोळा, खोलू म्हणतो, २२,००० सांगितले. खोलू द्यायचं का?
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : थांबा. आधी गाडीखाली वाका.

माझ्या धुळ्याच्या गॅरेजात निम्मी गिऱ्हाइकं “भाऊ, गाडी रडी राहिनी” एवढंच सांगतात. मग कशी रडते, कधी रडते, हे विचारण्यात माझा अर्धा तास जातो. तुम्ही क्लचचं आणि रिव्हर्सचं लिहिलंत, त्यातच निम्मं काम झालं. क्लच दाबूनही आवाज राहतो, म्हणजे इंजिनावरचा संशय मिटला. क्राऊन-पिनियन, म्हणजे हौसिंगमधली दात्यांची जोडी, गेलं असतं तर ते ‘ऊंऽऽ’ असं लांबट रडतं, तेही ठरावीक वेगाला, आणि ॲक्सिलरेटर सोडला की सूर बदलतो. चाकाचं बेअरिंग घरघरतं, आणि डावीकडे वळताना भार उजवीकडे गेला की उजवं बेअरिंग जास्त ओरडतं. चिमणीसारखं कोणी चिवचिवत असेल तर माझा संशय पहिला क्रॉसवर. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा गाडीखालचा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना असतो तो, अधिक चिन्हासारखा सांधा.

खात्री घरीच करा. मागच्या टायरवर चुन्याची एक रेघ मारा. सपाट जागी कोणाला तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चालवायला सांगा आणि तुम्ही बाजूने, चाकापासून हातभर लांब राहून चाला. रेघ खाली आली की मनात ‘एक’ म्हणा. तुमच्यासारख्या जीपमध्ये चाक एकदा फिरतं तेव्हा शाफ्ट साधारण चारदा फिरतो. एका रेघेला एकच ‘कुई’ आली तर दोष चाकाकडे, म्हणजे ड्रम, बेअरिंग यांत कुठेतरी. चार किंवा जास्त आल्या तर चिमणी शाफ्टवर बसली आहे. ही तपासणी फुकट आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

मग इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारी पेटी) छोटा लिव्हर न्यूट्रलला. हे दगड विसरू नका. तो लिव्हर न्यूट्रलला असला की गाडी गिअरमध्ये असूनही उतारावर पळते. खाली जाऊन शाफ्ट हाताने धरून पिळा, वर-खाली हलवा. क्रॉसच्या टोप्यांपाशी टॉर्च मारा. तिथे लालसर पूड दिसली, कुंकवाची डबी सांडल्यासारखी, तर दुसरा पुरावा नको. टोपीत बारीक सुयांसारखे रोलर असतात. नदीच्या पाण्याने ग्रीस धुऊन जातं, सुया गंजतात, आणि गंज असा बाहेर येतो. तो ‘खट्ट’ही तिथल्याच ढिलाईचा. शाफ्ट उलट दिशेला फिरताना आधी ती ढिलाई भरून काढतो.

पूड नसेल आणि ग्रीसचा निप्पल असेल, तर चारही टोप्यांतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडीच आहे, क्रॉस बदला. काही शे रुपयांचा माल आहे. मात्र शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टने बसतो त्या तबकडीवर, आणि सरकत्या जोडावर छिन्नीने खूण करायला लावा. जोड एखादा दात पुढे-मागे बसला की दोन टोकांचे, क्रॉस धरणारे काटे एका रेषेत राहत नाहीत, आणि चिमणी गेली तरी गाडी थरथरायला लागते.

पुढचा शाफ्ट सोडून देऊ नका. तुमच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील, तर टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद असताना, ते ‘फ्री’ करून बघा. तेव्हा पुढचा शाफ्ट जागचा हलत नाही. तरीही आवाज आला तर मागचाच आरोपी.

हौसिंगबद्दल एवढा हट्टाने का लिहितो, तेही सांगतो. गॅरेज टाकल्याच्या दुसऱ्या वर्षी एका शिरपूरकराचं हौसिंग मी असंच उघडलं. आत सगळं चकचकीत. परत बसवताना शिम, म्हणजे दात्यांतलं अंतर ठरवणारी पातळ चकती, चुकली, आणि जी गाडी फक्त चिवचिवत होती ती आता साठला खरोखर रडायला लागली. क्राऊन-पिनियन माझ्या खिशातून गेलं. चिमणी अर्थातच क्रॉसमध्येच होती!

प्रश्न : तोरणमाळच्या सातपायरी घाटात पकड चांगली मिळावी म्हणून मी कोरड्या डांबरावरही फोर-हाय, म्हणजे चारही चाकांची ताकद, लावते. वळणावर गाडी आखडते, खालून कडकड होतं, आणि वर गेल्यावर लिव्हर निघत नाही. काय मोडलंय?
— एक आरोग्यसेविका, शहादा

उत्तर : ताई, अजून काही मोडलेलं नाही. वळणावर पुढची चाकं मोठ्या फेऱ्याने जातात, मागची आतून. तुमच्या गाडीत फोर-हाय लावल्यावर पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. मातीत किंवा चिखलात चाक जरा घसरून हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. त्या पिळानेच लिव्हर जखडतो. तो दोन्ही हातांनी ओढू नका. स्टिअरिंग सरळ करून, मागे मोकळी जागा बघून, वीसेक फूट रिव्हर्स घ्या आणि लिव्हर हलकेच ओढा. नाहीच निघाला तर बाजूच्या मातीवर चाकं उतरवून पुन्हा तेच. घाटाचा रस्ता कोरडा असेल तर टू-व्हीलच ठेवा, उतरताना खालचा गिअर पुरेसा आहे.