ओ-रिंगची हार्डनेस ७० भरते, तरी ती चपटी होऊन का गळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या फ्लँजमधल्या (बोल्टने जोडलेल्या सांध्यातल्या) नायट्राइलच्या, म्हणजे तेलात टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या, ओ-रिंगा सात-आठ महिन्यांत चपट्या होतात आणि तेल पाझरू लागतं. तेल साधं मिनरल, तापमान ७० अंशांच्या वर जात नाही. नवी रिंग शोअर मीटरवर (रबराची हार्डनेस, म्हणजे कडकपणा, मोजणारं यंत्र) ७० दाखवते, काढलेली ७१-७२. पुरवठादार म्हणतो मटेरियल ड्रॉइंगप्रमाणेच आहे.

मी रबर कंपाऊंडिंग आणि टेस्टिंगमध्ये काम करतो, बहुतेक पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहनांच्या सुट्या भागांसाठी. तुम्ही जुन्या रिंगची हार्डनेस मोजलीत हे फार चांगलं केलंत, कारण त्या एका आकड्यामुळे बरीच कारणं बाद होतात. नायट्राइल उष्णतेने जुनं झालं की कडक होतं. रिंग ७० वरून ८०-८५ ला गेली असती तर मी म्हटलं असतं, तेल कुठेतरी तुम्हाला वाटतं त्याहून जास्त तापतंय. रिंग फुगून मऊ पडली असती, ५५-६० ला आली असती, तर तेलाला न चालणारं रबर लावलंय असं धरलं असतं. कडा कुरतडल्यासारख्या असत्या तर फ्लँजमधल्या फटीकडे बोट दाखवलं असतं. तुमच्याकडे यातलं काही नाही. रबर मऊ नाही, कडक नाही, फक्त नवा आकार धरून बसलंय. अशा वेळी माझा पहिला संशय क्युअरिंगवर, म्हणजे कच्चं रबर उष्णतेने पक्कं करण्यावर, जातो.

रबराच्या साखळ्या, म्हणजे त्याचे लांबलचक रेणू, मुळात वेटोळ्या आणि अस्ताव्यस्त असतात. ताणलं की त्या सरळ होतात, सोडलं की पुन्हा अस्ताव्यस्त व्हायला धावतात. रबराचं परत येणं बहुतांशी एवढंच असतं. रुंद रबरबँड ओठाला लावून झटकन ताणून बघा, गरम लागतो. हा प्रयोग इंग्लंडमध्ये जॉन गफ यांनी १८०५ मध्ये नोंदवला होता. पण साखळ्या एकमेकींना कुठेतरी बांधलेल्या असल्या तरच त्या मूळ जागी परततात. नाहीतर एकमेकींवरून सरकून नव्या जागी स्थिरावतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने या गाठी मारायचा मार्ग शोधला आणि रबर खऱ्या अर्थाने उद्योगात आलं.

गंधकाची प्रत्येक गाठ सारखी नसते, आणि तुमच्या अडचणीचं मूळ बहुधा इथेच आहे. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक आणि थोडा अॅक्सिलरेटर (क्युअरिंगचा वेग वाढवणारं रसायन) घातला, तर दोन साखळ्यांमध्ये गंधकाच्या अनेक अणूंची लांब गाठ बनते. ती लवचीक असते, वारंवार वाकणाऱ्या भागांना चांगली असते, पण कमजोर असते. दाब आणि उष्णता यांत काही महिने ठेवली की ती सुटते आणि दाबलेल्या अवस्थेतच पुन्हा बांधली जाते. उलट गंधक अर्ध्या भागाच्या आसपास ठेवून अॅक्सिलरेटर वाढवला, तर एक-दोन अणूंच्या आखूड, पक्क्या गाठी बनतात. पेरॉक्साइडने क्युअर केलं तर मध्ये गंधकच नसतं, कार्बनला कार्बन जोडला जातो. दाबाखाली मुकाट बसायच्या सीलसाठी शेवटचे दोन मार्ग योग्य. पहिला मार्ग मात्र सरावाचा आहे आणि स्वस्त पडतो.

दुसरी शक्यता म्हणजे प्रेसमधून माल लवकर काढणं. रिओमीटरवर (क्युअर किती झालं ते मोजणारं यंत्र) क्युअर ९० टक्के व्हायला जितका वेळ लागतो, त्यातून मिनिट-दीड मिनिट कापलं की पाळीला माल जास्त निघतो. तुकडा हातात चांगला दिसतो, हार्डनेसही जवळपास येते. पण आत न वापरलं गेलेलं गंधक शिल्लक असतं, आणि ते तुमच्या फ्लँजमध्ये, दाबलेल्या रिंगमध्ये, सावकाश उरलेलं काम करतं. नव्या गाठी चपट्या आकारात पडतात. मग रिंगमध्ये दोन जाळी होतात. जुनं जाळं गोल आकाराकडे ओढतं, नवं चपट्याकडे, आणि रिंग अधेमधे कुठेतरी अडकते. दोन जाळ्यांची ही कल्पना टोबोल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात मांडली आणि अजूनही ती उपयोगी पडते.

आता हार्डनेस का फसवते ते बघा. शोअर मीटरची बोथट सुई पृष्ठभागात किंचित रुतते आणि त्या क्षणी रबर किती विरोध करतं ते सांगते. हा विरोध गाठींची संख्या आणि भरलेली पावडर (फिलर) यांवर ठरतो. गाठी जुन्या आकारात आहेत की नव्या, हे सुईला कळत नाही. एक गाठ सुटली आणि शेजारी दुसरी पडली तर आकडा तोच राहतो. म्हणून ७० आणि ७१. शिवाय ७० हा आकडा कार्बन ब्लॅक घालून गाठता येतो, तसा चुनखडीची पावडर किंवा चायना क्ले कोंबूनही गाठता येतो. ते ओळखायला घनता मोजा. नायट्राइल स्वतः १ च्या आसपास, कार्बन ब्लॅक १.८, चुनखडीची पावडर २.७. चांगलं काळं ७० चं नायट्राइल कंपाऊंड साधारण १.२ ते १.२५ भरतं. तुमची रिंग १.४ च्या वर गेली तर पुरवठादाराला फॉर्म्युला नाही, पण फिलर कोणता एवढं तरी विचारा. (आणि शोअर ए मीटर थेट ओ-रिंगवर टेकवू नका. त्याला ६ मिमी जाडीचा सपाट तुकडा लागतो. गोल, बारीक रिंगवर आकडा हलतो. त्यासाठी मायक्रो आयआरएचडी हे बारीक तुकड्यांचं वेगळं हार्डनेस मीटर असतं.)

हवी ती चाचणी म्हणजे कॉम्प्रेशन सेट. गादी बसते तसं रबर किती बसलं, ते ही चाचणी टक्केवारीत सांगते. आपल्याकडे आयएस ३४०० च्या भाग १० मध्ये आहे, अमेरिकन मानकांत एएसटीएम डी ३९५, आणि खास ओ-रिंगसाठी डी १४१४. ढोबळ तपासणी तुमच्या शॉपमध्येही होईल. समजा रिंगचा छेद ५.३३ मिमी आहे. दोन गुळगुळीत प्लेटांमध्ये रिंगचे तुकडे ठेवा, मध्ये बरोबर ४ मिमीचे स्पेसर द्या आणि बोल्ट आवळा. म्हणजे दाब २५ टक्के झाला. वेल्डिंग रॉड सुकवायचा ओव्हन असेल तर त्यात १०० अंशांवर २२ तास ठेवा, तापमान वेगळ्या थर्मामीटरने बघा. बाहेर काढल्यावर लगेच बोल्ट सोडा आणि तुकडे अर्धा तास लाकडावर थंड होऊ द्या. मग उंची मोजा. व्हर्नियरचा जबडा रबर दाबतो, त्यामुळे हलक्या दाबाचा डायल गेज बरा. ५ मिमी भरली तर १.३३ पैकी ०.३३ परत आलं नाही, म्हणजे सेट २५ टक्के. ४.४ भरली तर ७० टक्के. पहिली रिंग मी निर्धास्तपणे लावेन. दुसरी तुमच्या फ्लँजमध्ये सात-आठ महिन्यांत गळली तर मला नवल वाटणार नाही.

एका पुरवठादाराची रिंग एकटी तपासू नका. शेजारी दुसऱ्या कुणाची तरी चांगली रिंग त्याच प्लेटांत ठेवा, म्हणजे ओव्हनच्या चुका दोघींना सारख्या लागतील. वाद पुढे गेला आणि कागद हवा असेल तर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये इर्मरा आहे. रबर उद्योगासाठी १९५९ पासून चाललेली ही संशोधन संस्था बाहेरचे नमुनेही तपासते.

हे करायच्या आधी ग्रूव्ह, म्हणजे रिंग बसायची खाच, मात्र मोजून घ्या. रबर दाबल्याने आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. अनेक चांगले मेकॅनिकल इंजिनियर इथे फसतात, कारण स्पंजचा अनुभव मनात असतो. ५.३३ छेदाच्या रिंगचं क्षेत्रफळ २२.३ चौरस मिमी. ग्रूव्ह ४ खोल आणि ७.१ रुंद असेल तर २८.४, म्हणजे ७९ टक्के भरलं, हे ठीक. कुणी रुंदी ५.५ केली असेल तर जागाच २२ उरते. त्यातून रबर पोलादाच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं आणि तेलात थोडं फुगतंही. मग रिंगला बाहेर पडायला फक्त फ्लँजची फट उरते, आणि जगातलं सर्वोत्तम कंपाऊंड तिथे टिकणार नाही. खोली ४.८ च्या पुढे गेली असेल तर उलट दाबच १० टक्क्यांखाली राहतो, आणि थोडासा सेट झाला तरी गळती सुरू होते.

ड्रॉइंगवर एम टू बीजी ७१४ असा रबराच्या अमेरिकन मानकातला संकेत लिहिलेला असेल तर त्यातला ७ म्हणजे ७० हार्डनेस आणि १४ म्हणजे १४ मेगापास्कल ताणबळ. खरी गोम त्यापुढच्या बी, ए, ईओ या जोडलेल्या अक्षरांत असते. बी म्हणजे कॉम्प्रेशन सेट, ए म्हणजे उष्णतेचा परिणाम, ईओ म्हणजे तेलाचा. खरेदी विभाग ऑर्डर टाइप करताना ही शेपटी सोडून देतो, असं मी कितीतरी वेळा बघितलंय. मग पुरवठादार "ड्रॉइंगप्रमाणेच" म्हणतो ते खोटंही नसतं.

तेव्हा पुढच्या ऑर्डरीत एवढं लिहा: नायट्राइल ७० अधिक-उणे ५, कॉम्प्रेशन सेट १०० अंशांवर २२ तासांनी कमाल २५ टक्के, प्रत्येक बॅचचा रिपोर्ट आणि रिओमीटरचा आलेख सोबत. रिंगेमागे भाव थोडा वाढेल. ग्रूव्हची खोली-रुंदी आणि प्लेटांमधल्या चाचणीचे आकडे इथे टाकलेत तर पुढचं नेमकं सांगता येईल.